खोटी फिर्याद: कायदा नेमके कोणाला पकडतो?

पोलिसांत तक्रार देण्याविषयी वाचक विचारतात ते प्रश्न वरवर वेगळे दिसतात, पण त्यांच्या मुळाशी गोंधळ एकच असतो. "माझ्याकडे साक्षीदार नाही, तक्रार केली आणि सिद्ध झाली नाही, तर माझ्यावरच केस होईल का?" हा एक प्रश्न. "माझ्यावर खोटा गुन्हा दाखल झाला, चार वर्षांनी मी निर्दोष सुटलो, आता फिर्यादीला आपोआप शिक्षा होईल ना?" हा दुसरा. आणि जरा दबक्या आवाजात विचारला जाणारा तिसरा: "रागाच्या भरात फिर्यादीत दोन नावे जास्तीची घातली, आता काय करू?" तिघांनीही एकच गोष्ट गृहीत धरलेली असते. सिद्ध न झालेली तक्रार म्हणजे खोटी तक्रार, असे त्यांना वाटते. कायदा असे मानत नाही. तो पाहतो ते एवढेच, की माहिती देताना ती खोटी आहे हे देणाऱ्याला ठाऊक होते का. हा फरक पक्का ध्यानात ठेवलात तर पुढची बहुतेक पावले कुठे टाकायची हे तुमचे तुम्हालाच कळेल.

कोणती कलमे लागतात

१ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहितेची जागा भारतीय न्याय संहितेने घेतली. त्याआधी घडलेल्या प्रकाराला जुनीच कलमे लागतात, म्हणून दोन्ही क्रमांक माहीत असलेले बरे. वकिलांच्या आणि पोलिसांच्या तोंडी अजून जुने क्रमांकच बसलेले आहेत.

- कलम २१७ (जुने १८२): लोकसेवकाने आपले अधिकार वापरून कोणाला तरी त्रास द्यावा या हेतूने, किंवा तसे घडण्याचा संभव आहे हे ठाऊक असताना, त्याला जाणूनबुजून खोटी माहिती देणे. पूर्वी सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही अशी शिक्षा होती. आता एक वर्षापर्यंत कैद, किंवा दहा हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही.
- कलम २४८ (जुने २११): इजा पोहोचवण्याच्या हेतूने, आधार नाही हे माहीत असताना, एखाद्या व्यक्तीवर गुन्ह्याचा खोटा आरोप करणे किंवा फौजदारी कारवाई सुरू करणे. पाच वर्षांपर्यंत कैद, किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. फाशी, जन्मठेप किंवा दहा वर्षांहून कमी नाही अशा कैदेच्या गुन्ह्याचा खोटा आरोप करून कारवाई सुरू केली असेल, तर दहा वर्षांपर्यंत कैद आणि दंड.
- कलम २४० (जुने २०३): गुन्हा खरोखर घडला, पण त्याविषयी जाणूनबुजून खोटी माहिती दिली. दोन वर्षांपर्यंत कैद, किंवा दंड, किंवा दोन्ही.
- कलम २२९ (जुने १९३): न्यायालयीन कारवाईत खोटा पुरावा देणे किंवा तयार करणे. सात वर्षांपर्यंत कैद आणि दहा हजारांपर्यंत दंड.

कलम २१७ पुढे कायद्यानेच दिलेले एक उदाहरण फार बोलके आहे. एकजण पोलिसाला खोटेच सांगतो, की अमुक गावाजवळ मला मारहाण करून लुटले. तो कोणाचेही नाव घेत नाही. तरीही तो गुन्हा आहे, कारण पोलीस आता त्या गावात झडत्या घेणार आणि लोकांना त्रास होणार, हे त्याला ठाऊक असते. मालकाने दिलेली रोकड स्वतः उडवून 'रस्त्यात दोघांनी हिसकावली' असे सांगणारे, किंवा हप्ते थकलेली गाडी लपवून चोरीची फिर्याद देणारे याच उदाहरणात बसतात. 'मी कुठे कोणाचे नाव घेतले?' हा बचाव तिथे चालत नाही. त्या फिर्यादीच्या जोरावर विम्याचे पैसे मागितले, तर फसवणुकीचे कलम ३१८ वेगळे लागते, आणि त्याची शिक्षा सात वर्षांपर्यंत जाते.

निर्दोष सुटका म्हणजे तक्रार खोटी नव्हे

आरोपी सुटला की फिर्यादीला आत टाका, ही मागणी ऐकायला न्याय्य वाटते. फौजदारी न्यायालयात मात्र आरोप वाजवी शंकेपलीकडे सिद्ध व्हावा लागतो. साक्षीदार फिरला, पंच ओळखायला तयार झाला नाही, वैद्यकीय तपासणीला उशीर झाला, तपासात चूक राहिली, यांपैकी काहीही झाले तरी आरोपी सुटतो. फिर्यादीने खोटे सांगितले असा निष्कर्ष त्यातून आपोआप निघत नाही. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभाग तपासाअंती बंद झालेल्या प्रकरणांची मोजदाद करताना 'खोटी', 'तथ्याची चूक अथवा दिवाणी वाद' आणि 'खरी, पण पुरावा अपुरा किंवा आरोपीचा माग नाही' असे रकाने वेगवेगळे ठेवतो. म्हणजे सरकारी हिशेबातही या तीन गोष्टी एक नाहीत. 'इतके टक्के आरोपी सुटले, म्हणजे इतके टक्के गुन्हे खोटे' हे गणित समाजमाध्यमांवर कितीही फिरले तरी चुकीचेच राहते.

यावर आक्षेप असा, की मग खोटारडा सहज निसटतो. तो निसटतो हे खरे आहे, आणि ज्याने निष्कारण कोठडी भोगली त्याला हे उत्तर पुरेसे वाटणार नाही. पण दुसरी बाजू पाहा. सुटकेबरोबर फिर्यादीला शिक्षा असा नियम झाला, तर साक्षीदार नसलेली प्रत्येक मारहाण, बंद दाराआडची प्रत्येक छळवणूक आणि धनदांडग्याविरुद्धची गरिबाची प्रत्येक तक्रार ठाण्याच्या पायरीवरूनच परत फिरेल. ज्याच्याकडे साक्षीदार फिरवण्याची ताकद आहे त्याला मग दुहेरी लाभ: स्वतःची सुटका, वर फिर्यादीला शिक्षा. कायद्याने निवडलेली रेषा अपुरी असेल, पण ती आंधळी नाही. खोटेपणा आणि त्याची जाणीव सिद्ध करा, मग शिक्षा आहे. आणि नव्या संहितेने ती शिक्षा वाढवलेलीही आहे.

तक्रार द्यायला जात असाल तर

'खोटी निघाली तर तुमच्यावरच गुन्हा दाखल करू' असे ठाण्यात ऐकवले जाते. हे वाक्य कायद्याने चूक नाही, पण बहुधा तक्रारदाराला परत पाठवण्यासाठीच वापरले जाते. दखलपात्र गुन्ह्याची माहिती मिळाल्यावर गुन्हा नोंदवणे पोलिसांवर बंधनकारक आहे, हे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने नोव्हेंबर २०१३ मध्ये ललिता कुमारी खटल्यात स्पष्ट केले. माहितीच्या खरेखोटेपणाची खात्री झाल्यावरच नोंद करू, असे पोलिसांना म्हणता येत नाही. ते काम तपासाचे. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (पूर्वीची फौजदारी प्रक्रिया संहिता) कलम १७३ ने एक अपवाद दिला आहे. तीन वर्षे किंवा अधिक पण सात वर्षांपेक्षा कमी शिक्षेच्या गुन्ह्यात पोलीस उपअधीक्षकांच्या परवानगीने १४ दिवसांत प्राथमिक चौकशी करता येते. ठाण्यात नोंद नाकारली, तर लेखी तक्रार पोलीस अधीक्षकांकडे पाठवा. तिथेही दाद लागली नाही तर दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो. गुन्हा कोणत्याही हद्दीत घडलेला असो, फिर्याद कोणत्याही ठाण्यात देता येते. ऑनलाइन दिलीत तर तीन दिवसांच्या आत सही करावी लागते. नोंदीची प्रत विनामूल्य मिळणे हा तुमचा हक्क आहे.

तक्रारदाराचे खरे संरक्षण फिर्यादीच्या भाषेत असते. जे स्वतः पाहिले ते 'पाहिले', जे ऐकले ते 'अमक्याकडून कळले' आणि ज्याचा संशय आहे ते 'संशय आहे' असेच लिहवून घ्या. संशय व्यक्त करणे गुन्हा नाही. संशय असताना 'मी डोळ्यांनी पाहिले' म्हणणे तुम्हाला अडचणीत आणते. बसमध्ये मोबाइल कुठे गेला ठाऊक नसेल तर 'गहाळ' म्हणून नोंद करा, 'चोरी' म्हणू नका. सिमकार्ड आणि हँडसेट बंद करून घ्यायला ती नोंद चालते. चोरीला गेलेल्या दागिन्यांचे वजन फुगवून सांगू नका, कारण पुढे सोनाराची पावती मागितली जाते. वेळ नक्की आठवत नसेल तर 'सुमारे' म्हणा. ठाणे अंमलदाराने लिहिलेली फिर्याद स्वतः वाचल्याशिवाय, किंवा कोणाकडून वाचून घेतल्याशिवाय, सही करू नका. 'कलम मजबूत बसण्यासाठी' कोणी, मग तो पोलीस असो की ओळखीचा कार्यकर्ता, एखादे वाक्य सुचवत असेल, तर त्या वाक्याखाली सही तुमची असणार आहे हे विसरू नका.

सर्वांत जास्त घात होतो तो नावांच्या बाबतीत. भांडण एकाशी झाले आणि फिर्यादीत त्याचे आईवडील, भाऊ, परगावी नांदणारी बहीण असे सगळे घरदार आले, की मूळचा खरा भागही संशयास्पद ठरू लागतो. विवाहितेच्या छळाच्या प्रकरणांत (आता कलम ८५, पूर्वीचे ४९८अ) नेमकी कृती न सांगता सरसकट सगळ्या नातेवाइकांवर केलेले आरोप सर्वोच्च न्यायालयाने अनेकदा रद्द केले आहेत. प्रत्येक नावापुढे त्या व्यक्तीने काय केले हे सांगता येत नसेल, तर ते नाव घालू नये. यात सज्जनपणापेक्षा व्यवहार जास्त आहे: बचावाचा वकील उलटतपासाची सुरुवात या कच्च्या नावांपासूनच करतो.

'बी' समरीची नोटीस आली तर

महाराष्ट्रात तपासाअंती दोषारोपपत्र द्यायचे नसेल तर पोलीस दंडाधिकाऱ्यांकडे समरी अहवाल पाठवतात. 'ए' समरी म्हणजे गुन्हा खरा, पण उघडकीस आला नाही. 'सी' समरी म्हणजे गैरसमजातून किंवा दिवाणी वादातून झालेली, ना खरी ना खोटी अशी तक्रार. 'बी' समरी म्हणजे द्वेषबुद्धीने केलेली खोटी फिर्याद. फिर्यादीवर उलट कारवाईची वाट उघडते ती 'बी' मधून, म्हणून हे एक अक्षर फार महत्त्वाचे. प्रकरण बंद करण्यापूर्वी फिर्यादीला नोटीस देऊन त्याचे म्हणणे ऐकले पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८५ मध्ये भगवंत सिंह निकालात सांगितले आहे. ही नोटीस कपाटात ठेवून देऊ नका. ठरलेल्या तारखेला हजर राहा आणि विरोध अर्ज द्या: कोणते साक्षीदार तपासले नाहीत, कोणते सीसीटीव्ही चित्रण घेतले नाही, पोलिसांचा निष्कर्ष का चुकतो, ते लिहा. दंडाधिकारी अहवाल नाकारू शकतात आणि पुढील तपासाचा आदेश देऊ शकतात. तुमचा खरोखरच गैरसमज झाला असेल, तर निदान 'बी' ऐवजी 'सी' समरी व्हावी एवढा मुद्दा तरी जरूर मांडा. बरेच फिर्यादी 'तसेही प्रकरण बंदच होतेय' म्हणून गप्प बसतात, आणि कागदावर कायमचे खोटारडे ठरतात.

आधीच चुकीचे सांगून बसला असाल तर

'केस मागे घेतो' असे म्हणून फिर्याद मागे घेता येत नाही. नोंद झाल्यावर खटला सरकारचा असतो. तडजोडयोग्य गुन्ह्यात न्यायालयात तडजोड करता येते. इतर काही प्रकरणांत, विशेषतः कौटुंबिक आणि व्यवहारी वादांत, दोन्ही पक्षांच्या संमतीने उच्च न्यायालय गुन्हा रद्द करू शकते. पण चूक लक्षात आली असेल तर पहिले पाऊल म्हणजे तपास अधिकाऱ्याकडे पुरवणी जबाब देऊन ती लवकरात लवकर दुरुस्त करणे, तेही वकिलाचा सल्ला घेऊनच. चूक आणि लबाडी यांतला फरक वागण्यावरून ओळखला जातो. कळल्याबरोबर दुरुस्त करणारा आणि शेवटपर्यंत रेटणारा यांना न्यायालय एका मापाने मोजत नाही.

काय, कुठे बोललात याने धोका किती आहे ते ठरते. पोलिसांनी तपासात घेतलेला जबाब शपथेवर नसतो. दंडाधिकाऱ्यांपुढचा जबाब (पूर्वीचे १६४, आता नागरिक सुरक्षा संहितेचे १८३) आणि खटल्यातली साक्ष मात्र शपथेवर असते, आणि तिथले खोटे थेट खोट्या पुराव्याच्या कलमांत येते. मे २०२४ मध्ये उत्तर प्रदेशातील बरेलीच्या सत्र न्यायालयाने बलात्काराच्या आरोपाची साक्ष फिरवणाऱ्या तरुणीला, आरोपीने तुरुंगात काढले होते तितक्याच, म्हणजे १,६५३ दिवसांच्या कैदेची आणि सुमारे पाच लाख ८८ हजार रुपये दंडाची शिक्षा दिली. ती शिक्षा खोट्या साक्षीबद्दल होती. निकाल गाजला तो अशा शिक्षा विरळा असतात म्हणून. त्याला सर्वसाधारण नियम समजू नये.

तुमच्यावर खोटी फिर्याद झाली असेल तर

बहुतेकांचा पहिला विचार असतो 'आपणही एक ठोकून देऊ'. तुमच्यावरही खरोखर हल्ला झाला असेल तर जरूर फिर्याद द्या. पण केवळ दबाव आणण्यासाठी रचलेली उलट फिर्याद तुम्हालाच २१७ आणि २४८ च्या जाळ्यात ओढते. फिर्यादीला फोन करून समजावणे किंवा मध्यस्थ पाठवणेही टाळा. ते धमकावणे म्हणून नोंदले गेले, तर खोट्या गुन्ह्यापाठोपाठ एक खरा गुन्हा उभा राहतो. त्याऐवजी या क्रमाने चला:

- फिर्यादीची प्रत मिळवा. संवेदनशील गुन्हे वगळता ती २४ तासांत पोलिसांच्या संकेतस्थळावर चढवावी, असे सर्वोच्च न्यायालयाचे २०१६ चे आदेश आहेत.
- सात वर्षांपर्यंतच्या शिक्षेच्या गुन्ह्यात सरसकट अटक होत नाही. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३५(३) ची नोटीस आली तर वेळेवर हजर राहा. अटकेची भीती असेल तर त्याच संहितेच्या कलम ४८२ खाली सत्र किंवा उच्च न्यायालयात अटकपूर्व जामीन मागा.
- पुरावा आधी जपा. सोसायटीच्या आणि दुकानांच्या कॅमेऱ्यांतले चित्रण काही दिवसांत पुसले जाते, म्हणून ते राखून ठेवण्याचे लेखी पत्र लगेच द्या. संदेश, तिकिटे, हजेरीची नोंद तपास अधिकाऱ्याला द्या आणि पोच घ्या.
- फिर्याद जशीच्या तशी खरी मानली तरी गुन्हा होत नसेल, किंवा ती उघड सूडबुद्धीने केलेली असेल, तर त्याच संहितेच्या कलम ५२८ खाली ती रद्द करण्यासाठी उच्च न्यायालयात जाता येते. मुंबईखेरीज नागपूर, छत्रपती संभाजीनगर, गोवा आणि ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूर इथेही पीठ आहे.

शेवटच्या मार्गाविषयी फाजील आशा बाळगू नका. उच्च न्यायालय त्या टप्प्यावर पुरावा तोलत बसत नाही, आणि २०२१ च्या नीहारिका निकालात सर्वोच्च न्यायालयाने तपास सुरुवातीलाच थांबवण्याबाबत उच्च न्यायालयांना हात आखडता घ्यायला सांगितले आहे. 'मी त्या दिवशी तिथे नव्हतोच' हा बचाव कितीही खरा असला तरी त्याची जागा बहुधा तपासात आणि खटल्यात असते.

फिर्यादीवर उलट कारवाई कशी होते

अनेकांची गाडी अडते ती इथे. कलम २१७ खाली तुम्ही स्वतः न्यायालयात जाऊ शकत नाही. ज्या अधिकाऱ्याला खोटी माहिती दिली त्याने किंवा त्याच्या वरिष्ठाने लेखी तक्रार करावी लागते. सर्वोच्च न्यायालयाने १९६२ मध्येच दौलत राम खटल्यात ही अट कडक धरली. म्हणून तुमचे काम म्हणजे ठाण्याला आणि पोलीस अधीक्षकांना किंवा उपायुक्तांना पुराव्यासह लेखी अर्ज करणे, आणि तो लवकर करणे, कारण एक वर्षापर्यंतच्या शिक्षेच्या गुन्ह्याची दखल घेण्याची मुदतही एक वर्षाचीच आहे. कलम २४८ चे दोन रस्ते आहेत. प्रकरण पोलिसांपुरतेच राहिले असेल तर तुम्ही दंडाधिकाऱ्यांकडे खाजगी तक्रार करू शकता. पण रिमांड, जामीन, खटला अशा वाटेने ते न्यायालयात गेले असेल, तर तक्रार त्या न्यायालयानेच करावी लागते आणि तुम्ही नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३७९ (जुने ३४०) खाली त्याच न्यायालयाला अर्ज करायचा असतो. ही अडचण वाटेत मुद्दाम ठेवलेली आहे. ती नसती तर प्रत्येक निकालानंतर हरलेला पक्ष जिंकलेल्यावर आणि जिंकलेला हरलेल्यावर खोटेपणाचा खटला भरत राहिला असता. खोटेपणा बुद्धिपुरस्सर आहे असे दिसत असेल आणि शिक्षा होण्याची वाजवी शक्यता असेल तरच अशी कारवाई करावी, असे १९७१ चा छाजूराम निकाल सांगतो. तेव्हा अर्जात 'मी निर्दोष सुटलो' एवढेच लिहून भागत नाही. 'घटनेच्या वेळी फिर्यादी स्वतः दुसऱ्या शहरात होता आणि हे त्याचे तिकीट' अशा प्रकारचा, त्याला सत्य ठाऊक होते हे दाखवणारा पुरावा हवा.

काही विशेष कायद्यांत वेगळ्या तरतुदी आहेत. बालकांवरील लैंगिक अत्याचारांविरुद्धच्या पोक्सो कायद्याच्या कलम २२ नुसार, केवळ बदनामी, खंडणी किंवा धमकीच्या हेतूने गंभीर गुन्ह्याची खोटी तक्रार करणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत कैद आहे. तक्रार करणारे मूल असेल तर त्याला शिक्षा नाही. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाच्या २०१३ च्या कायद्यात तर स्पष्ट लिहिले आहे, की केवळ पुरावा देता आला नाही म्हणून तक्रारदार महिलेवर कारवाई करायची नाही; दुष्ट हेतू चौकशीत सिद्ध झाला पाहिजे. अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्तीविरुद्ध, त्या समाजाबाहेरच्या कोणी खोटी फौजदारी कारवाई केली किंवा लोकसेवकाला खोटी माहिती दिली, तर तो स्वतंत्र अत्याचाराचा गुन्हा आहे. अनुसूचित जाती-जमाती अत्याचार प्रतिबंधक कायद्याच्या गैरवापराविषयी तावातावाने बोलणाऱ्यांना त्यातली ही तरतूद सहसा माहीत नसते.

नुकसानभरपाईचे म्हणाल, तर दंडाधिकाऱ्यांना आरोपाला वाजवी आधार नव्हता असे वाटले, तर ते नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम २७३ खाली फिर्यादीला कारण विचारून भरपाई द्यायला लावू शकतात. प्रथमवर्ग न्यायालयात ती रक्कम पन्नास हजारांपुढे जात नाही. त्यापेक्षा मोठ्या रकमेसाठी द्वेषमूलक खटल्याचा दिवाणी दावा करावा लागतो. त्यात खटला तुमच्या बाजूने संपला, त्याला वाजवी कारण नव्हते, मागे द्वेष होता आणि तुमचे नुकसान झाले, हे सगळे तुम्हालाच सिद्ध करायचे असते. सुटकेच्या किंवा खटला संपल्याच्या तारखेपासून एका वर्षात दावा दाखल करा. वकील परवडत नसेल तर तालुका विधी सेवा समितीकडे किंवा जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा, किंवा १५१०० वर फोन करा. महिला, मुले, अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्ती आणि कोठडीत असलेले आरोपी यांना उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो, मग ते फिर्यादी असोत की आरोपी.